तुरुंगातले धर्माचे वर्ग : सुटलेला माणूस परत आत येणं खरंच कमी होतं का?

शाईपेन :

बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून धागा काढतेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या. मी तीन वर्षं दर शनिवारी एका तुरुंगात लिहाय-वाचायला शिकवायला जाते. कुठला तुरुंग ते सांगत नाही, परवानगीच्या अटींत ते बसत नाही. माझ्या वर्गात चाळिशीतला एक जण आहे, तो ओळीखाली बोट धरून वाचतो, जोडाक्षर आलं की बोट तिथेच दाबून धरतो, नख पांढरं होईपर्यंत, आणि जमलं की मगच बोट उचलून पुढच्या शब्दावर ठेवतो. घाई नाही, लाज नाही. मी त्याच्यासाठीच जाते असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या वर्षापासून शेजारच्या हॉलमध्ये एका धार्मिक संस्थेचा वर्ग सुरू झालाय. ग्रंथवाचन, प्रार्थना, त्यावर बोलणं, आणि शेवटी एकेकाने उठून आपण काय केलं ते सांगायचं. माझ्याकडे पंधरा जण आले तरी डोक्यावरून पाणी, तिकडे बसायला जागा नसते. आता त्या मंडळींनी मला विचारलंय की तुमचा वर्ग आमच्यातच घ्या, अक्षरओळख ग्रंथातूनच करून द्या, मुलं टिकतील. सोबत एक माहितीपत्रक दिलं. त्यात लिहिलंय की अमेरिकेत टेक्सासमध्ये १९९७ साली असा एक धर्माधारित कार्यक्रम सुरू झाला, त्यातून पूर्ण शिकून बाहेर पडलेल्यांपैकी दोन वर्षांत फक्त ८ टक्के परत तुरुंगात गेले आणि तसल्याच इतर कैद्यांमधले २० टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी! मी फारशी देवधर्म करणारी नाही पण विरोधातही नाही. एवढा फरक खरंच पडत असेल तर माझं काय अडलंय, मी उद्यापासून ग्रंथातून शिकवेन. पण तो पडतो का, आणि पडत असेल तर नक्की कशामुळे, हे कुणी नीट अभ्यासलं असेल तर सांगा.

कोरा_कागद :

ताई, तो टेक्सासचा आकडा खोटा नाहीये पण अर्धा आहे, आणि अर्धा आकडा माणसाला पार दुसरीकडे नेऊन सोडतो म्हणून सविस्तर लिहितो. माझं काम आकडेवारीचंच आहे.

कार्यक्रमाचं नाव इनरचेंज फ्रीडम इनिशिएटिव्ह. चालवणारी संस्था प्रिझन फेलोशिप, चार्ल्स कोल्सनने १९७६ मध्ये काढलेली. हा अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचा उजवा हात, त्यांना खुर्ची सोडावी लागली त्या वॉटरगेटच्या भानगडीत स्वतः सात महिने आत जाऊन आलेला, तिथून बाहेर पडला आणि उरलेलं आयुष्य कैद्यांसाठी घातलं, त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. २००३ मध्ये बायरन जॉन्सन या अभ्यासकाने टेक्सासच्या कार्यक्रमाचा अहवाल दिला. एकूण १७७ जण कार्यक्रमात होते. त्यातले ७५ 'पूर्ण केलेले' धरले, त्यांच्यातले ८ टक्के परत तुरुंगात गेले, तुलनेच्या गटात २०.३ टक्के. इथपर्यंत तुमचं पत्रक बरोबर.

आता उरलेल्या १०२ जणांचं काय झालं? काही जण लवकर पॅरोलवर सुटले, काहींनी स्वतःहून सोडलं, काहींना काढून टाकलं. या १०२ पैकी ३६ टक्के परत आत गेले. सगळे १७७ एकत्र धरले की आकडा येतो २४.३ टक्के, म्हणजे तुलनेच्या गटापेक्षा जास्तच! अटकेचा आकडा बघितला तर ३६.२ विरुद्ध ३५, म्हणजे फरक नाहीच. आणि 'पूर्ण केलं' म्हणजे काय तर आतला १६ महिन्यांचा भाग, बाहेर आल्यावरचा ६ महिन्यांचा भाग, आणि ३ महिने नोकरी टिकवणं. अहो, ज्याने सुटल्यावर तीन महिने नोकरी टिकवली तो परत आत जाण्याची शक्यता तशीही कमीच असते ना. क्लासवाल्याने वर्षाअखेर टिकलेल्या हुशार मुलांचेच मार्क बोर्डावर लावावेत आणि मधेच सोडून गेलेल्यांना आपले विद्यार्थीच मानू नये, तसं झालं हे. हे सगळं त्याच अहवालात होतं, लपवलेलं नव्हतं, पण बातम्यांत आणि पत्रकांत फक्त ८ आणि २० आले. मार्क क्लाइमन नावाच्या अभ्यासकाने त्याच वर्षी हा मुद्दा जाहीरपणे मांडला होता.

पहाटवारा :

कोरा_कागद, तुमचं गणित मान्य पण गोष्ट तिथे संपवू नका. त्याच कार्यक्रमाचा मिनेसोटातला अभ्यास बघा, तो मला खूप जास्त प्रामाणिक वाटतो. ग्रँट डुवे हा त्या राज्याच्या सुधारगृह खात्याचाच संशोधक, त्याने आणि मिशेल किंगने २००३ ते २००९ मध्ये सुटलेले ७३२ जण घेतले, निम्मे कार्यक्रमातले आणि निम्मे बाहेरचे, वय, गुन्हा, आधीची पार्श्वभूमी अशी जुळवून घेतलेले. यात मधेच सोडणाऱ्यांना वगळून टाकलेलं नाही. तरी पुन्हा अटक होण्याचा धोका २६ टक्क्यांनी कमी, पुन्हा दोषी ठरण्याचा ३५ टक्क्यांनी आणि नव्या गुन्ह्यासाठी परत तुरुंगात जाण्याचा ४० टक्क्यांनी कमी निघाला. खर्चही सरकारचा नाही, संस्थेचा आणि स्वयंसेवकांचा.

म्हणजे होतं हो. का होतं त्याचं त्यांनी जे कारण दिलंय ते मात्र भाविकांना आणि अभाविकांना, दोघांनाही विचार करायला लावणारं आहे. ते म्हणतात, धर्माधारित कार्यक्रम चालतात, पण ते वर्तन बदलायच्या सिद्ध झालेल्या पद्धती वापरत असतील, माणसाला गुन्ह्याकडे ढकलणाऱ्या गोष्टींवर काम करत असतील आणि आतला आधार बाहेरही तसाच चालू ठेवत असतील तरच. ज्यांना आत असताना एक मार्गदर्शक मिळाला आणि सुटल्यावरही त्याचा आधार तुटला नाही, त्यांच्यामुळे हा परिणाम काही अंशी आला असावा असं त्यांनी म्हटलंय. नंतर डुवे आणि जॉन्सन या दोघांनी मिळून तुरुंगात भेटायला येणाऱ्या स्वयंसेवकांवर काम केलं, त्यातही धर्मगुरू आणि असे मार्गदर्शक यांच्या भेटींमुळे परत गुन्हा करणं कमी होतं असंच दिसलं. तोच जॉन्सन बरं का, टेक्सासवाला.

सरळरेषा :

आकडे एका बाजूला ठेवू, मला कायद्याच्या बाजूने बोलायचंय, कारण हे कुणी बोलतच नाही. हाच कार्यक्रम आयोवा राज्यातल्या न्यूटनच्या तुरुंगातही होता आणि तिथे सरकारी पैसा वापरला जात होता. खटला झाला. २००६ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट प्रॅट यांनी तो घटनाबाह्य ठरवला आणि सुमारे १५ लाख डॉलर परत करायला सांगितले. २००७ च्या डिसेंबरमध्ये वरच्या कोर्टाने घटनाबाह्य हे कायम ठेवलं, पैसे परत करण्याचा भाग बराचसा काढून टाकला. त्या खंडपीठावर सुप्रीम कोर्टातून निवृत्त झालेल्या सँड्रा डे ओ'कॉनर बसल्या होत्या.

निकालातले तपशील वाचून मला जास्त वाईट वाटलं. कार्यक्रमातल्या कैद्यांना जी जागा दिली ती आधी चांगल्या वर्तनाच्या कैद्यांसाठी राखलेली. खोल्यांना लाकडी दारं, किल्ली कैद्याच्या स्वतःच्या हातात, संडासाला आडोसा. बाकी तुरुंगात लोखंडी गज आणि उघडं भांडं. आता मला सांगा, जो माणूस चार वर्षं सगळ्यांच्या देखत संडासला बसलाय त्याच्यासमोर तुम्ही आडोसा ठेवता आणि म्हणता की यासाठी फक्त आमची प्रार्थना म्हणायची, तर त्याच्या 'हो' ला काय अर्थ आहे? आत असलेल्या माणसाची संमती आणि बाहेरच्या माणसाची संमती ही एक गोष्ट नाहीच मुळी. दुसऱ्या धर्माच्या, किंवा त्याच धर्माच्या दुसऱ्या पंथाच्या माणसालाही तिथे आपली श्रद्धा बाजूला ठेवावी लागत होती. शाईपेन, तुमच्या शेजारच्या हॉलमध्ये गर्दी का आहे हे मी सांगू शकत नाही, पण तुम्ही बघा, तिकडे पंखा आहे का, चहा मिळतो का, चांगल्या वर्तनाचा शेरा मिळतो का.

शाईपेन :

सरळरेषा, पंखा आहे. खरंच आहे, आमच्या खोलीत नाही. आणि हजेरीचा कागद अधीक्षकांकडे जातो, माझा जात नाही. मी हे दर शनिवारी बघत होते आणि मला एकदाही सुचलं नाही.

पण मग मी असंही म्हणेन की पंख्यासाठी आलेला माणूस नंतर दुसऱ्या कशासाठी तरी थांबत असेल की. शाळेत आपण सगळेच काय ज्ञानाच्या ओढीने गेलो होतो का. त्या वर्गातून बाहेर पडताना मी काही जणांचे चेहरे बघितलेत, रडून आलेले असतात आणि हलके झालेले असतात. ते नाटक नसतं.

नदीकाठ :

नाटक नसतंच. इतिहास बघितला तर आजच्या तुरुंगाची कल्पनाच मुळात धर्मातून आलीय, हे लक्षात घ्यायला हवं. त्याआधी तुरुंग म्हणजे फाशी किंवा फटके होईपर्यंत माणूस कोंडून ठेवायची जागा. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींना वाटलं की माणसाला एकांत दिला, बायबल दिलं, तर तो आत वळून पश्चात्ताप करेल. १७९० मध्ये वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगात एकांत कोठड्या बांधल्या, १८२९ मध्ये ईस्टर्न स्टेट हा मोठा तुरुंग उघडला. इंग्रजीत तुरुंगाला जो पेनिटेन्शरी शब्द आहे तो या पश्चात्तापावरूनच. हेतू किती चांगला! आणि झालं काय, तर वर्षानुवर्षं माणसाचं तोंड न दिसल्यामुळे लोक आतून मोडून गेले. चार्ल्स डिकन्सने १८४२ मध्ये तो तुरुंग बघून लिहिलं होतं की मेंदूशी चाललेला हा संथ खेळ शरीराच्या कुठल्याही छळापेक्षा वाईट आहे. नंतर तिथेही ती पद्धत सोडून द्यावी लागली.

त्याच काळात लंडनच्या न्यूगेट तुरुंगात एलिझाबेथ फ्राय जात होती. तीही क्वेकरच, तोच धर्म, तोच ग्रंथ. पण तिने १८१७ मध्ये तिथल्या बायका आणि त्यांची पोरं यांच्यासाठी शाळा काढली, शिवणकाम आणलं, आणि नियम ठरवताना एकेक नियम बायकांना वाचून दाखवून त्यांचे हात वर करून मत घेतलं. कैदी बायकांचं मत! ग्रंथ ती वाचून दाखवायची, पण स्वतः समोर बसून. फिलाडेल्फियात ग्रंथ होता आणि माणूस नव्हता, न्यूगेटमध्ये दोन्ही होतं. मला तरी पहाटवारा यांनी सांगितलेल्या मिनेसोटाच्या अभ्यासात हेच दिसतंय, दोनशे वर्षांनी आकड्यात मांडलेलं.

आकाशकंदील :

अंगोलाचा विषय निघायलाच हवा इथे. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याचा तुरुंग, १८ हजार एकर, पूर्वी गुलामांची शेती होती, त्या गुलामांपैकी कित्येकांचा देश अंगोला म्हणून ते नाव. १९९४ मध्ये अमेरिकेने कायदा करून कैद्यांना कॉलेजसाठी मिळणारी सरकारी मदत, पेल ग्रँट, बंद केली, तुरुंगातली कॉलेजं धडाधड बंद पडली. १९९५ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या बाप्टिस्ट सेमिनरीने, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या कॉलेजने, अंगोलात पदवीचा वर्ग सुरू केला, तुरुंगाचा प्रमुख होता बर्ल केन. चार वर्षांची खरी पदवी, ग्रीक-हिब्रू भाषा सुद्धा. तिथले बहुतेक कैदी जन्मठेपवाले, पॅरोल नाही, म्हणजे परत गुन्हा करतो का हे मोजायला तो मुळात बाहेरच येत नाही. तरी त्या पदवीधर कैद्यांनी बराकीत काय केलं ते बघा, मरणाऱ्या कैद्याच्या उशाशी रात्रभर बसायचे, घरचं कुणी गेल्याची बातमी सांगायला जायचे, मेलेल्यांसाठी कैदीच शवपेट्या बनवतात आणि घोड्यांच्या गाडीतून मिरवत नेऊन पुरतात. हाणामाऱ्यांसाठी बदनाम असलेला तो तुरुंग त्या वर्षांत पुष्कळ शांत झाला.

पण यात मला एक गोष्ट टोचते. सरकारने आधी सगळ्या शिक्षणाचं दार लावलं आणि मग एकच खिडकी उघडी राहिली ती धर्माची. ज्याला गणित शिकायचं होतं, इतिहास शिकायचा होता, त्यालाही पाद्री होण्याचाच अभ्यास करावा लागला. पेल ग्रँट कैद्यांना परत मिळाली २०२३ च्या जुलैमध्ये. मधे जवळजवळ तीस वर्षं गेली. एवढ्यात एक पिढी आत म्हातारी झाली.

कोरा_कागद :

आकाशकंदील यांच्या मुद्द्याला जोडून. साध्या, म्हणजे बिनधर्माच्या शिक्षणाचे आकडेही आहेत. रँड या संस्थेने २०१३ मध्ये अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. तुरुंगात शिक्षण घेतलेले परत आत जाण्याचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा साधारण १३ टक्के-अंकांनी कमी, आणि शिक्षणावर घातलेल्या एका डॉलरमागे पुढच्या तीन वर्षांत तुरुंगाचे चार ते पाच डॉलर वाचतात. हे फार मोठं आहे. तिथे २००५ मध्ये ३० राज्यांतून सुटलेल्यांपैकी ६७.८ टक्के तीन वर्षांत पुन्हा पकडले गेले होते, ही परिस्थिती लक्षात घेऊन हा आकडा वाचा. म्हणजे शाईपेनताई, तुमच्या बिनपंख्याच्या वर्गाला कमी समजू नका. मात्र तीच अडचण इथेही आहेच, शिकायला स्वतःहून येणारा माणूस मुळातच बदलायच्या तयारीत असतो, ते वजा करणं कठीण.

सांजवात :

कुणी तिहारचं का नाही बोललं? १९७५ मध्ये जयपूरच्या सेंट्रल जेलमध्ये पहिलं विपश्यना शिबिर झालं, राजस्थानचे तेव्हाचे गृहसचिव राम सिंह यांनी पुढाकार घेतला होता. मग किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना १९९३ च्या शेवटी तिथे सुरू झालं आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये विपश्यना शिकवणाऱ्या गोएंकाजींनी हजाराहून जास्त कैद्यांचं एकत्र शिबिर घेतलं. दहा दिवस मौन. तिहारमध्ये!

मी स्वतः शिबिर केलंय म्हणून सांगते, तिथे देवाचं नाव नाही, कुणाला धर्म बदलायला सांगत नाहीत. तरीही अमेरिकेत अलाबामाच्या डोनाल्डसन तुरुंगात २००२ मध्ये हे शिबिर झाल्यावर तिथल्या धर्मगुरूने हरकत घेतली आणि ते बंद पडलं, चार वर्षांनी परत सुरू झालं. म्हणजे कुणाचा धर्म तुरुंगाच्या दारातून आत जाणार हे शेवटी दारावरचा माणूस ठरवतो. बुद्धाची शिकवण असली की तो धर्म, आणि रविवारची प्रार्थना असली की ते सुधारणेचं काम, असं व्हायला नको.

सरळरेषा :

अगदी हेच. अमेरिकेत मुस्लिम कैद्याला कुराण मिळावं म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, कूपर विरुद्ध पेट, १९६४. धर्म पाळायचा हक्क हा कैद्याचा आहे, त्याला सुधारायचं हत्यार म्हणून तो तुरुंगाच्या हातात देऊ नये. ही रेघ पुसट झाली की गोंधळ होतो.

पहाटवारा :

मग ग्रंथातून अक्षरओळख हा शाईपेनचा मूळ प्रश्न, त्यावर मला अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स आठवतो. आत असताना भावंडांच्या पत्रांमुळे तो नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीय मुस्लिमांच्या संघटनेकडे ओढला गेला, तिचा प्रमुख एलायजा मुहम्मदला पत्र लिहायला बसला आणि मनातलं कागदावर उतरेना. तेव्हा नॉरफोकच्या तुरुंगात त्याने शब्दकोश मागवला आणि पहिल्या पानापासून शब्दन् शब्द उतरवून काढायला लागला. श्रद्धेने त्याला शब्दांकडे ढकललं आणि शब्दांनी पुढे त्याला कुठच्या कुठे नेलं, आधीच्या गुरूपासून दूर सुद्धा. म्हणून मला वाटतं की ओढ कुठूनही येऊ द्या, पण शब्द पूर्ण द्या. फक्त ग्रंथातलेच शब्द वाचता येतील इतकंच शिकवू नका.

दुपारची_सावली :

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदा लिहितेय. माझा धाकटा भाऊ साडेतीन वर्षं आत होता. मारामारीची केस, समोरच्याचा डोळा गेला, आमच्या बाजूने काही बोलण्यासारखं नाही.

आत असताना तो धर्माच्या वर्गाला जायला लागला. मुलाकातीला गेले की काचेपलीकडून मला वचनं म्हणून दाखवायचा, ज्याने कधी देवासमोर हात जोडले नव्हते तो. मला खूप आधार वाटायचा. दारू नाही, भांडण नाही, सूटही मिळाली शिक्षेत. सुटायच्या आधी वर्गातल्या लोकांनी त्याला एक कागद दिला, त्यावर फोन नंबर, बाहेर आलास की फोन कर. तो कागद त्याने घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीत त्याचे आतले सगळे कपडे होते, त्यात अगदी मधोमध ठेवला होता भिजू नये म्हणून.

पहिल्या आठवड्यात त्याने तीन वेळा फोन केला. कुणी उचलला नाही. एकदा उचलला तर म्हणाले, आम्ही आतलं काम बघतो, बाहेरचं दुसरे लोक बघतात, त्यांचा नंबर पाठवतो. तो आला नाही. मी त्यांना वाईट म्हणत नाही, ते लोक आत दर आठवड्याला उन्हातान्हात येत होते, ते खरंच करत होते. पण माझा भाऊ त्या दिवशी खाटेवर बसून म्हणाला, तायडे, मी त्यांच्यासाठी आतला होतो गं. सात महिन्यांत तो जुन्या पोरांत परत बसायला लागला आणि चौदाव्या महिन्यात परत आत गेला.

दुसऱ्यांदा सुटला तेव्हा वर्गातले कुणी नव्हते. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ होते, ते गेटवर आले माझ्यासोबत. त्यांनी देवाचं एक अक्षर काढलं नाही. दर रविवारी सकाळी येऊन त्याच्याजवळ बसायचे, पहिले दोन महिने तर नुसते बसायचेच, पेपर वाचायचे दोघं. मग त्याला एका गोडाऊनमध्ये लावून दिलं आणि स्वतःची जबाबदारी म्हणून लिहून दिलं मालकाला. सहा वर्षं झाली. भाऊ अजूनही रोज वचनं म्हणतो सकाळी, ती त्याने आत शिकलेलीच. मला दोन्हीचं महत्त्व आहे. पण आकड्यांमध्ये माझा भाऊ पहिल्यांदा 'वर्ग केला आणि परत आला' यात मोजला जाईल, आणि दुसऱ्यांदा कशातच नाही.

शाईपेन :

सावली, वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

सीमारेषा :

सावली यांच्यानंतर लिहायला अवघड वाटतंय पण एक बाजू राहिलीय. श्रद्धा नेहमी गुन्ह्यापासून लांबच नेते असं नाही. अटलांटा शहरात तीन अभ्यासकांनी अजून गुन्हे करत असलेल्या ४८ जणांशी बोलून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यातले बरेच जण स्वतःला धार्मिक म्हणवणारे, आणि त्यांनी आपल्या श्रद्धेतूनच सोय काढलेली, की देव शेवटी माफ करतोच, मागितली की मिळते, किंवा मी ज्याला लुटलं तो तसाही पापीच होता. क्षमा फार स्वस्त करून दिली की असं होतं.

त्यावर उपाय काही धार्मिक वर्गांनीच शोधलाय. प्रिझन फेलोशिपचाच सिकॅमोर ट्री नावाचा वर्ग बऱ्याच देशांत चालतो, त्यात गुन्ह्यामुळे ज्यांचं नुकसान झालं अशी माणसं येऊन कैद्यांसमोर बसतात आणि सांगतात की आमच्या घरात त्या दिवसानंतर काय झालं. नाव बायबलमधल्या जक्कयच्या गोष्टीवरून आहे, तो लबाड जकातदार येशूला बघायला झाडावर चढला आणि खाली उतरल्यावर म्हणाला, ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत देतो. नुसती माफी नाही, परतफेड. तुमच्या शेजारच्या हॉलमध्ये लोक उठून आपला गुन्हा सांगतात म्हणालात, तर तिथे ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचं नाव कुणी घेतं का, हे ऐका एकदा.

नदीकाठ :

आणि ब्राझील! तिथे आपाक नावाने तुरुंग चालतात, मारियो ओटोबोनी या वकिलाने १९७२ मध्ये साओ जोसे दोस काम्पोसमध्ये सुरू केलेल्या कामातून उभे राहिलेले, ख्रिस्ती श्रद्धेतूनच. हत्यारबंद पहारेकरी नाहीत, किल्ल्या कैद्यांकडेच, त्यांना कैदी न म्हणता सावरणारा म्हणतात, घरच्यांना कामात ओढतात. अर्थात तिथे जायला न्यायाधीशाची मंजुरी लागते, म्हणजे कोरा_कागद म्हणतील की निवडून घेतलेलेच लोक. असेल. पण घरच्यांना सुटकेच्या दिवसाआधीच कामाला लावायचं, ही गोष्ट उचलण्यासारखी आहे.

शाईपेन :

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. मी त्या संस्थेच्या लोकांशी बसून बोलले. चांगली माणसं आहेत, पुन्हा सांगते. वर्ग एकत्र करणार नाही असं सांगितलं, माझा वर्ग सगळ्यांचा राहील, ज्याला ग्रंथ वाचायचाय त्याने ग्रंथ आणावा, ज्याला कोर्टाचा कागद वाचायचाय त्याने तो आणावा. पंख्यासाठी अर्ज दिलाय, आणि माझीही हजेरी वर जावी म्हणून दुसरा अर्ज. ते लोक त्यावर सही करायला तयार झाले, मला अपेक्षा नव्हती.

मग सावलीच्या भावाचं, नाव-गाव न घेता, त्यांना सांगितलं. एक जण बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, आमच्याकडे असे किती फोन आले असतील आम्हाला माहीत नाही. अडचण अशी की परवानगीच्या अटींतच लिहिलंय की स्वयंसेवकाने सुटलेल्या बंद्याशी संपर्क ठेवायचा नाही. सुरक्षेसाठी असेल, कारण समजतं मला. पण मिनेसोटात जे चाललं ते नेमकं याच्या उलट. सरळरेषा, यातून वाट आहे का काही?

सरळरेषा :

स्वतःहून संपर्क ठेवू नका, परवानगी जाईल आणि वर्गच बंद पडेल. लेखी मागा. तुमच्या नावाने नको, संस्थेच्या नावाने, आणि ठराविक मुदतीपुरती, समजा सुटकेनंतर सहा महिने. आतमध्ये न येणारी वेगळी माणसं त्यासाठी नेमली तर अधिकाऱ्यांना हो म्हणणं सोपं जातं. पण त्या माणसाची आणि कैद्याची सुटकेच्या आधी निदान दोन-तीनदा मुलाकात व्हावी हेही अर्जातच लिहा, नाहीतर परत कागदावरचा नंबरच उरेल. मसुदा मी करून देतो, मला मेसेज करा.

कोरा_कागद :

आणि एक वही ठेवा. पहिल्या दिवशी जो बसला त्याचं नाव त्यात, मग तो आठव्या दिवशी सोडून जावो, बदली होवो, जामिनावर सुटो, काढून टाकोत, नाव खोडायचं नाही. पुढे ज्यांना बाहेरचा सोबती मिळाला आणि ज्यांना नाही, दोन्ही लिहा. शेजारच्या हॉलवाल्यांनाही तशीच वही ठेवायला सांगा. दोन-तीन वर्षांनी मी बसून आकडे लावून देईन, फुकट, आणि जे येतील ते येतील.

दुपारची_सावली :

त्या निवृत्त काकांना विचारलं. ते म्हणाले, रविवार सोडून कुठलाही वार चालेल.

शाईपेन :

सावली, आमचा बोट धरून वाचणारा पुढच्या महिन्याच्या १९ तारखेला सुटतोय, शुक्रवार आहे. अर्ज काल दिला. मंजुरी आली की कळवते, काकांना तो दिवस मोकळा ठेवायला सांगा.